धुरालाही स्टेटस असतं!

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने सिगारेट आणि तंबाखूवरचं उत्पादन शुल्क वाढवायला मंजुरी दिली, तेव्हापासून टपरीपासून पार्टीपर्यंत एकच चर्चा आहे. आता पाकीट कितीला पडणार? बायकांच्या पुरवणीत सिगारेटच्या किमतीची चर्चा कशाला, असं कुणी विचारेल. पण पाकिटाचे पैसे घरखर्चातूनच जातात आणि धूरही शेवटी घरातच येतो. तेव्हा ही चर्चा आपलीच आहे.

वस्तू महागली की लोक ती कमी घेतात, हे तंबाखूच्या बाबतीतही जगभर दिसून आलंय. महिन्याचा हिशेब जुळवताना नाकी नऊ येणाऱ्या माणसाचा हात खरंच आखडतो. पण सिगारेटचं आणखी एक गिऱ्हाईक आहे. महाग असणं हाच त्याच्या दृष्टीने तिचा गुण. त्याच्या पाकिटाला सोनेरी कडा असते, लायटर परदेशातून आणलेला असतो, आणि तो ओढतो ती 'सवय' नसते, 'स्टाइल' असते. हे गिऱ्हाईक संख्येने थोडं आहे. पण त्याच्याकडे बघणारे डोळे भरपूर आहेत, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पालघर, बोईसर, तारापूर हा आपला पट्टा म्हणजे काही मलबार हिल नव्हे. पण तो आता निव्वळ भातशेतीचा आणि मासळीचा भागही राहिलेला नाही. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं आणि देशभरातून इंजिनीअर, शास्त्रज्ञ, अधिकारी इथे राहायला आले. मग एमआयडीसी आली. रसायनं, औषधं, कापड, पोलाद असे कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागोमाग ठेकेदार, ट्रान्सपोर्टवाले, बिल्डर आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्यांच्या घरी दहा वर्षांपूर्वी लग्नाचा मांडव दारात पडायचा, त्यांच्याकडे आता रिसॉर्टवर 'संगीत' असतं. मुंबईची हाय सोसायटी इथे कायमची राहत नाही, पण शनिवार-रविवारी केळव्याला, डहाणूला, बोर्डीला येते. तिच्या टेबलावर ताटं मांडणारी, गाड्या लावून देणारी पोरं मात्र आपल्याच गावातली असतात. ती पोरं बघत असतात. कुणी कोणती गाडी आणली, कुणी काय घातलं, आणि सिगारेट बोटांत कशी धरली.

ग्लॅमर असंच पसरतं. जाहिरातीचे फलक लागत नाहीत तरी पसरतं.

हे ग्लॅमर घडवलं कुणी?

सिगारेटचं ग्लॅमर आपोआप जन्माला आलेलं नाही. ते पैसे मोजून, डोकं लढवून तयार केलेलं आहे. आपल्या पिढीतल्या कित्येकींना विल्सची 'मेड फॉर ईच अदर' ही जाहिरात आठवत असेल. छान कपड्यातलं, हसतमुख, एकमेकांकडे बघणारं जोडपं. म्हणायला ती सिगारेटमधल्या तंबाखूची आणि फिल्टरची जोडी. पण बघणाऱ्याला दिसायचा सुखी, शिकलेला, सुस्थितीतला संसार. पुढे क्रिकेट आलं. १९९६ च्या विश्वचषकाचं नावच 'विल्स वर्ल्ड कप' होतं, आणि २००१ पर्यंत भारतीय संघाच्या शर्टावर हेच नाव झळकत होतं. आपली मुलं सचिनचं पोस्टर भिंतीला लावत होती, त्या पोस्टरवर सिगारेटचं नाव आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

बायकांसाठी तर वेगळं जाळं विणलं गेलं. त्याची गोष्ट न्यूयॉर्कची आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत बाईने रस्त्यावर सिगारेट ओढणं असभ्य मानलं जाई. म्हणजे निम्मं गिऱ्हाईक हातचं जात होतं. अमेरिकन टोबॅको कंपनीने एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीतज्ज्ञाला हाताशी धरलं. त्याने ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या मिरवणुकीत, फिफ्थ ॲव्हेन्यूवर चांगल्या घरच्या दिसणाऱ्या तरुणी उभ्या केल्या. त्यांनी सगळ्यांदेखत सिगारेटी पेटवल्या, आणि वर्तमानपत्रांना सांगण्यात आलं की या 'स्वातंत्र्याच्या मशाली' आहेत. बायकांचा लढा तेव्हा खरा होता, मतदानाचा हक्क त्यांनी १९२० मध्येच मिळवला होता. कंपनीने त्या लढ्याचं नाव घेतलं आणि आपला माल खपवला.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. १९९० मध्ये मुंबईच्या गोल्डन टोबॅको कंपनीने खास बायकांसाठी सिगारेट आणली. नाव ठेवलं 'मिझ'. म्हणजे ना मिस, ना मिसेस, स्वतःच्या पायावर उभी असलेली आधुनिक बाई! महिला संघटनांनी आणि आरोग्याचं काम करणाऱ्यांनी तेव्हा कडाडून विरोध केला, आणि ती सिगारेट काही रुजली नाही. पण कल्पना मात्र रुजली. बाईची प्रगती मोजायला तिच्या बोटांमधली सिगारेट पुरेशी आहे, ही ती कल्पना.

२००३ च्या कायद्याने सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आणली. मग हे काम पडद्याने उचललं. जुन्या हिंदी सिनेमात सिगारेट ओढणारी बाई म्हणजे खलनायिका. 'श्री ४२०' मधली लांब होल्डरवाली नादिरा आठवा. नायिकेच्या हातात पूजेचं ताट आणि 'दुसरी'च्या हातात सिगारेट, अशी साधी विभागणी होती. नायकाने ओढली तर मात्र तो बेफिकीर, दिलदार. 'पेज थ्री' आणि 'फॅशन'च्या काळापर्यंत ही विभागणी बरीच पुसली गेली. आता वेब सीरिजमध्ये नायिकाच बाल्कनीत उभी राहून सिगारेट पेटवते. ती वकील असते, संपादक असते, घटस्फोट घेऊन एकटी राहणारी असते. ती हुशार आहे हे दाखवायला लेखकाला चार चांगले संवाद लिहावे लागतात. सिगारेट दिली की तेवढे कष्ट वाचतात.

केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी २००५ मध्ये सिनेमातल्या धूम्रपानाच्या दृश्यांवर बंदी आणायचा प्रयत्न केला, तो जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. २०१२ पासून सिनेमाआधी आणि मध्यंतरानंतर इशारे आले. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही ते लागू झाले. इशाऱ्यातला 'मुकेश' आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुकेश गुटखा खाणारा गरीब मुलगा आहे, आणि त्यानंतर पडद्यावर दिसते ती सिगारेट ओढणारी श्रीमंत नायिका. बघणाऱ्याच्या मनात दोघांचा संबंधच जुळत नाही. मरण त्याचं, ऐट तिची!

सातच्या लोकलमधून

एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली आणि पालघर-बोईसरच्या मुलींना अंधेरी, गोरेगाव, मालाडच्या नोकऱ्या आवाक्यात आल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या घरात मुलीला बारावीनंतर 'पुरे आता' म्हणत होते, त्या घरातली मुलगी आज कॉर्पोरेट पार्कचं ओळखपत्र गळ्यात घालून फिरते. तिथे तिला भेटतो 'सुट्टा ब्रेक'. ऑफिसच्या खाली, चहाच्या टपरीपाशी टीममधली मंडळी उतरतात. साहेबही उतरतात. तिथे थट्टामस्करी होते, कोणतं प्रोजेक्ट कुणाला मिळणार याची कुजबुज होते. जी खाली उतरत नाही, ती त्या वर्तुळाबाहेर राहते. बोईसरहून आलेल्या, इंग्रजी जरा अडखळत बोलणाऱ्या मुलीला आत शिरायचं असतं. सिगारेट हे सगळ्यात स्वस्त तिकीट!

संध्याकाळी तीच मुलगी बोईसरला उतरते तेव्हा तोंडात बडीशेप असते, पर्समध्ये परफ्यूमची छोटी बाटली असते. स्टेशनबाहेर तिच्याच वयाचे मुलगे राजरोस धूर सोडत उभे असतात. ते कुणाला खटकत नाही. तिला जर कुणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या आईला चार जणी विचारतील. मुलाने ओढली तर त्याला 'टेन्शन' असतं, मुलीने ओढली तर तिचे 'संस्कार' निघतात. हा न्याय कुठला?

मुलीने सिगारेट ओढणं चांगलं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. फुप्फुसाला बाई-पुरुष कळत नाही. पण तिच्या चारित्र्याचा पंचनामा करणाऱ्यांनी तिच्या तब्येतीबद्दल एक शब्द काढलेला नसतो, हे ध्यानात घ्यायला हवं. या दुटप्पीपणाचा परिणाम उलटा होतो. जे मुलाला चालतं आणि मुलीला बंद असतं, ते करून दाखवणं म्हणजे बंड वाटू लागतं. कंपन्यांना हेच हवं असतं. बर्नेजने याच नाराजीवर धंदा केला होता.

आणि हे फक्त नोकरी करणाऱ्या मुलींपुरतं नाही. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांमध्ये तंबाखूचं कुठलं ना कुठलं व्यसन असलेले मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के आढळल्या. मोठ्या माणसांत हेच प्रमाण २०१६-१७ च्या पाहणीनुसार पुरुषांत ४२.४ टक्के आणि बायकांत १४.२ टक्के आहे. म्हणजे मोठ्यांमध्ये जी तिप्पट दरी आहे, ती शाळेच्या वयात जवळजवळ बुजलेली आहे. बरोबरी हवी होती, पण ही?

चर्चा सिगारेटची, व्यसन मिश्रीचं

आता नाण्याची दुसरी बाजू बघू. 'आजकालच्या बायका सिगारेटी ओढतात' यावर हळदीकुंकवापासून टीव्हीपर्यंत तावातावाने बोललं जातं. महाराष्ट्रात किती बायका धूम्रपान करतात? २०१६-१७ च्या त्याच पाहणीत हा आकडा १.४ टक्के होता. आणि धूर न सोडता तंबाखू घेणाऱ्या, म्हणजे मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या, तपकीर ओढणाऱ्या बायका किती? १६.६ टक्के. जवळजवळ बारा पट!

या बायकांवर कुणी सिनेमा काढत नाही. त्या आपल्याच घरात धुणीभांडी करायला येतात, मासळीची पाटी घेऊन दारात बसतात, एमआयडीसीत कंत्राटी काम करतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी हिरड्यांना चोळायची. दात दुखतो म्हणून सुरू होतं. मग ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चढतं, कामाला हात लागत नाही. पाड्यावरची म्हातारी पानात तंबाखू गुंडाळून ओढते, तिच्याकडे बघून कुणाला ती 'बोल्ड' वाटत नाही. तंबाखू तीच, निकोटीन तेच. एकीला आपण 'मॉडर्न' म्हणतो, दुसरीला 'गावंढळ'. धुरालाही स्टेटस असतं ते असं.

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, तो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. शहरात धडधाकट बाळाला शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फरक पडत नसेल. पण जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत, जिथे कुपोषणाने बाळं दगावल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय, तिथे अशक्त आईच्या पोटातल्या बाळाला हे शंभर ग्रॅम परवडणारे नाहीत.

सिगारेट ओढणाऱ्या सुशिक्षित बाईलाही काही गोष्टी कुणी सांगत नाही. पस्तिशी ओलांडलेली, गर्भनिरोधक गोळ्या घेणारी आणि सिगारेट ओढणारी बाई असेल तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका बराच वाढतो. म्हणून डॉक्टरांना हे लपवून गोळ्या घेऊ नयेत. पाळी लवकर जाऊ शकते, हाडं ठिसूळ होतात. 'स्लिम' सिगारेट बारीक असते म्हणून तिचं नुकसान बारीक नसतं. जी स्वतः ओढत नाही पण नवऱ्याशेजारी बसून रोज तो धूर घेते, तिलाही हृदयाचा आणि फुप्फुसाचा धोका आहेच. आपल्या भागात तर आधीच हवेची बोंब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र प्रदूषणात देशात सर्वांत वर होतं. कारखान्याच्या धुराड्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो, ते योग्यच आहे. मग दिवाणखान्यातल्या छोट्या धुराड्याला काय म्हणायचं?

कायदा आहे, पण कुणासाठी?

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईचे मुरली देवरा. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर बंदीचा आदेश दिला. २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. २०१२ मध्ये जयपूरच्या क्रिकेट मैदानावर सिगारेट ओढल्याबद्दल शाहरूख खानला शंभर रुपये दंड झाला, यावरून या दंडाची किती भीती वाटत असेल ते समजा. तीस खोल्यांच्या हॉटेलला, तीस खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवायची मुभा आहे. म्हणजे ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी काचेची खोली, बाकीच्यांसाठी दंडाची पावती. तिथेही स्टेटस आलंच.

२०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी घातली. २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेट बंद केली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी झाली, कारण पाकिटावरचं चित्र सुट्या सिगारेटवर दिसत नाही आणि पोराटोरांच्या खिशाला एक सिगारेट परवडते. बोईसरच्या कुठल्याही टपरीवर जाऊन बघा, सुटी मिळते की नाही ते! शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही, अठराच्या आतल्याला द्यायची नाही, हेही कायद्यात आहे. एक गोष्ट मात्र या भागातला प्रत्येक कामगार सांगेल. रसायनांच्या कारखान्यात शिरताना गेटवर काडीपेटी आणि लायटर काढून घेतात. तिथे कुणी 'माझं स्वातंत्र्य' म्हणत नाही, कारण ठिणगीने काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आठ तास बिनतक्रार सिगारेटशिवाय राहणारा हा माणूस घरी आल्यावर मात्र बाळाच्या पाळण्याशेजारी पेटवतो. जमत नाही असं नाही, तिथे कुणी अडवत नाही.

मशाल कुणाच्या हातात?

स्वातंत्र्याची मशाल म्हटलं की मला बर्नेजच्या त्या सजवलेल्या तरुणी आठवत नाहीत. मला आपल्याच जिल्ह्यातलं बोर्डी आठवतं. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी तिथे बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा उभ्या राहिल्या. त्याच सुमाराला गोदावरी परुळेकर वेठबिगारीविरुद्ध वारल्यांना संघटित करत तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर फिरत होत्या. अगदी अलीकडचं सांगायचं तर नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी आणि तिच्या 'लाइक'साठी अटक झाली, देशभर गहजब झाला. त्या अटकेने पेटलेल्या वादातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ (अ) कलम न्यायालयात गेलं, आणि २०१५ मध्ये ते रद्द झालं. बाईने मोकळं व्हायचं म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला कुठल्याही पाकिटाची गरज नाही.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी राहू द्या. ज्या घरात पाहुण्यांसाठी नक्षीदार ॲश-ट्रे काढून ठेवला जातो, तिथून तो आधी हलवा. 'आमच्याकडे घरात ओढत नाहीत' हे वाक्य साहेबांसमोर आणि जावयासमोरही म्हणता यायला हवं. मुलीच्या पर्समध्ये सिगारेट सापडली तर तमाशा न करता शेजारी बसा, आणि मुलाच्या खिशात सापडली तरीही तेवढंच गांभीर्य दाखवा. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर मिश्रीचाही विषय काढा. कामाला येणाऱ्या बाईला कुत्सितपणे नव्हे, आपुलकीने विचारा. तोंडात पांढरा चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर तिला दवाखान्यात घेऊन जा. शाळेजवळच्या टपरीची तक्रार पालक सभेत लेखी द्या, एकटीने देण्यापेक्षा दहा जणींनी सह्या करून द्या. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.

पुढच्या वेळी कुणी टेबलावर ते सोनेरी कडांचं पाकीट ठेवलं, तर ते उलटं करून तो नंबर तेवढा वाचून दाखवा.